पाइपाच्या मधला राखाडी ठिपका

हरेश, तळोज्याची ट्रायल काल झाली. निकाल लगेच सांगणार नाही. तुला कुठलीही गोष्ट शेवटाकडून ऐकायची खोड. मी कारखान्यातून परत आले की बॅग खाली ठेवायच्या आत विचारायचास, "पयले सांग, घेतलं का नाय घेतलं?" आणि एकदा ते कळलं की पुढचं ऐकायला थांबायचाच नाहीस, सोल्डरिंगला जाऊन बसायचास. आज तुला उठून जाता येत नाही. मी पहिल्यापासून सांगणार आणि तू मुकाट्याने ऐकणार. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच होतंय, तेव्हा त्याचा पुरेपूर फायदा घेणार आहे मी.

तुझं तेरावं होऊन थोडेच दिवस झालेत. सारसोळ्यात मांडवाखाली सगळं गाव होतं. तुझ्या बायकोने, प्रमिलावहिनींनी, मला हाताला धरून पंगतीत पुढे बसवलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमी जास्त जेवा. यानं तुमचा डबा जनमभर खाल्लाय." खरंच आहे ते. माझी साताऱ्याकडची झणझणीत वांगी तू खायचास आणि तुझ्या डब्यातली कोळंबी माझ्याकडे सरकवायचास, वर म्हणायचास की तुला मासळीचा कंटाळा आलाय. कोळ्याच्या पोराला मासळीचा कंटाळा. माझ्या आवडीपायी तू ही थाप मारायचास, हे मला माहीत होतं आणि मी कधी बोलून दाखवलं नाही, कारण बोलले असते तर कोळंबी बंद झाली असती.

जेवताना तुझ्या चुलतभावाने, मधूने, विचारलं, "ताई, आमचा हरेश कंपनीत नक्की करायचा तरी काय? आमी लोकांना सांगतो, पाइपाचा एक्सरे काढतो म्हनून." बघ, तीस-बत्तीस वर्षं तू त्या माणसाच्या शेजारी राहिलास आणि त्याला हे माहीत नाही. मग भाताचा हात तसाच ठेवून मी शिकवणी घेतली. म्हटलं, मधूभाऊ, एक्सरे नाही, साधी वीज. कारखान्यांत मोठ्या पाइपांतून भुकटी कालवलेलं पाणी वाहतं. खडूची भुकटी, रंगाची, मातीची. त्याला स्लरी म्हणतात. ती भुकटी पाण्यात विरघळत नाही, पाण्याच्या जोरावर नुसती वाहत जाते. जोर कमी पडला की तळाला बसते, थर वाढत जातो आणि एक दिवस पाइप चोक. कारखाना ठप्प. बाहेरून बघणाऱ्याला नुसता पाइप दिसतो, आत काय चाललंय कळत नाही. आपण त्यात आपला एक तुकडा बसवतो. त्याच्या आतल्या कडेने गोलाकार स्टीलची बटणं असतात. दोन बटणांतून जराशी वीज सोडायची आणि बाकीच्या बटणांवर विजेचा दाब किती येतो ते मोजायचं. मग पुढची दोन बटणं, मग त्याच्या पुढची. पाण्यातून वीज जाते, खडूतून जात नाही. या सगळ्या मोजमापावरून संगणक पाइपाचं आडवं कापलेलं चित्र काढतो, केळ्याची चकती काढल्यासारखं. निळं म्हणजे पातळ, तांबडं म्हणजे दाट.

मधूभाऊ विचारात पडला. म्हणाला, "म्हंजे आत न बघता आतलं चित्र काढायचा? आनि ते खरं असायचं?"

मी म्हटलं, कडेला खरं असायचं.

आणि तिथल्या तिथे, तुझ्या तेराव्याच्या पंगतीत, मला हसू फुटलं. कारण आपलं सगळ्यात मोठं भांडण तिथूनच सुरू होतं.

बटणं कडेला, म्हणून वीज कडेचं नीट सांगते. मध्यापर्यंत जाईतो तिचा जोर कमी होतो, मधलं तिला धड कळत नाही. हे तुला माहीत, मला माहीत, या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत. बाकीचे काय करतात? आजूबाजूच्या रंगावरून मधला रंग अंदाजाने भरतात आणि सुंदर गुळगुळीत चित्र दाखवतात. तू मात्र मध्ये राखाडी ठिपका ठेवलास. माप चांगलं आलं की ठिपका लहान, वाईट आलं की मोठा. कारखान्यातला माणूस पडद्यापुढे आला की पहिला प्रश्न ठरलेला, "हे मधे भोक कसलं?" आणि तू खांदे उडवून सांगायचास, "तिथलं मना ठाव नाय."

अरे, गिऱ्हाइकापुढे असं बोलतात का? मी डोकं आपटून घ्यायची. मी प्रोसेसची बाई, वीस ठिकाणी तोंड वाजवून एक ट्रायल मिळवणार आणि तू पडद्याच्या बरोबर मधोमध लिहून ठेवणार की आम्हाला कळत नाही. मी म्हणायची, भर ना बाबा तो ठिपका, थर तर तळाला बसतो, मधलं कोणाला हवंय? तू म्हणायचास, "कोनाला नको तर रंगवायचं कशाला?" मी म्हणायची, लोकांना पूर्ण चित्र लागतं, नवऱ्यामुलीचा फोटो नाक पुसून दिला तर कोणी घेईल का? तू म्हणायचास, "नाक दिसलं नसंल तर फोटोवाला मनानं नाक काडतो काय?" मग मी तुला हट्टी म्हणायची, तू मला दुकानदारीण म्हणायचास आणि आपण दोघंही चहा प्यायला एकाच टपरीवर जायचो, कारण रबाळ्याच्या त्या गल्लीत दुसरी बरी टपरी नव्हती.

तुझ्या वडिलांच्या बांबूची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की मला ती तुझ्यापेक्षा चांगली येते. खाडीत होडी घालताना ते बांबू टाकून पाणी किती ते सांगायचे, आणि बांबू टेकला नाही तर 'ठाव नाय' म्हणून होडी वळवायचे. प्रत्येक भांडणात हा बांबू निघायचा. एकदा मी वैतागून म्हटलं की तुझ्या बाबांना होडीची ऑर्डर मिळवायची नव्हती. तू इतका हसलास की चहा शर्टावर सांडलास.

शेवटी एका मोठ्या भांडणानंतर तू सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट करून ठेवलीस. तिच्यावर टिकमार्क केला की मधला ठिपका गायब आणि चित्र भरगच्च. त्या चौकटीला तू माझंच नाव दिलंस, 'सुनंदा'. मी विचारलं हे काय, तर म्हणालास, "तुला पायजे तवा दाब. पन मी समोर असताना नको." मी ती कधी दाबली नाही. तू समोर नसताना दाबायची म्हणजे चोरी वाटायची, आणि समोर असताना दाबायची सोय नव्हती.

तू किती वेडा होतास आणि मी तुझ्या वेडात किती आनंदाने सामील होते, हे आठवलं की अजून बरं वाटतं. ती रांगोळी आठव. कारखान्यातली खडूची भुकटी मिळेना म्हणून चाचणीच्या पाइपात घालायला तू रांगोळी शोधून काढलीस. तीही दगडाचीच पूड, आपल्याला हवी तशी. ऐन मे महिन्यात आपण दोघं कोपरखैरण्याच्या बाजारात जाऊन पांढऱ्या रांगोळीची पोतीच्या पोती उचलली. दुकानदार म्हणाला, "दिवाळी लांब हाय की." तू गंभीर चेहऱ्याने सांगितलंस, "मॅडमची सोसायटी लई मोठी हाय." माझे वडील मार्केटात पोती वाहणारे, तेव्हा पोतं कसं पाठीवर घ्यायचं ते मी तुला दाखवलं. तुला जमलं नाही. तू पोत्यासकट रिक्षात पडलास आणि रिक्षावाला आधी रांगोळीच्या भाड्याबद्दल भांडायला लागला.

आणि त्याच रांगोळीने आपली ती फजिती केली. आपलं यंत्र कामाला लागायच्या आधी एकदा कोरा पाइप बघून घेतं. नुसतं स्वच्छ पाणी. त्यालाच आपण रेफरन्स म्हणतो. नंतर ते दाखवतं ते फक्त त्या कोऱ्यापासून काय बदललं तेवढंच. पाटणकर साहेब, आपले मालक, त्या दिवशी दोन पाहुण्यांना घेऊन येणार होते. सुट्टीनंतरचा दिवस. सुट्टीत रांगोळी पाइपाच्या तळाला निवांत बसली होती आणि आपण गडबडीत तसाच रेफरन्स घेतला. म्हणजे यंत्राला आपण सांगून बसलो की हा तळाचा थर म्हणजेच स्वच्छ पाणी.

पाहुणे आले. पडदा कसा निळाभोर. तू छाती काढून सांगतोयस, बघा, पाइप किती स्वच्छ. त्यातला एक चष्मेवाला पाहुणा पडद्याकडे बघेचना, तो आपल्या पारदर्शक पाइपाकडे बघत होता. म्हणाला, "पण खाली पांढरं बसलेलं दिसतंय." तू घाईने पंप वाढवलास. थर धुऊन निघाला आणि पडद्यावर तळाला असा काही गडद जांभळा पट्टा आला की बस. यंत्राच्या हिशेबाने तिथे पाण्याहून पातळ पाणी वाहत होतं. पाटणकर साहेब म्हणाले, "हे काय आहे?" आणि तेवढ्यात वाढलेल्या दाबाने जोडावरची नळी सुटली. पाहुणे दाराकडे पळाले म्हणून वाचले. साहेब वाचले नाहीत. डोक्यापासून बुटापर्यंत माणूस पांढरा. ते नुसते डोळे मिचकावत उभे राहिले, आणि तुझ्या तोंडून निघालं, "साहेब, हालू नका, सुकू द्या."

आपण नंतर बेसिनपाशी तोंड धुताना किती वेळ हसत होतो. मला तर श्वास घेता येईना. त्यानंतर जन्मभर आपला वाद, रेफरन्सचं बटण कोणी दाबलं. तू म्हणायचास मी 'घे' म्हटलं म्हणून दाबलं. मी म्हणते, 'घे' म्हटलं ते चहाला. अजूनही तसंच म्हणते. या वादाचा निकाल आता लागणार नाही आणि लागू नये अशीच माझी इच्छा आहे. साहेबांना मात्र मानलं पाहिजे. त्यांनी आपल्याला काढलं नाही, फक्त पुढच्या वर्षी दसऱ्याच्या पूजेला आले तेव्हा लांबूनच फुलं टाकली. मी यंत्राला हळदीकुंकू लावायला गेले तर तू ओरडलास, "बाहेरून लाव, आतून नको, कुंकू पन मोजंल ते."

पण यंदा साहेबही थकले. वैशाखात आपल्या दोघांना बोलावून त्यांनी शांतपणे सांगितलं, तळोज्याच्या कारखान्याने हे घेतलं तर चित्राचं काम चालू, नाही घेतलं तर बंद. मग आपण साधी मीटरं बनवायची, जी सगळे बनवतात. मला वाटलं तू चिडशील. तू खाली मान घालून म्हणालास, "बरोबर हाय." आणि तळोज्याच्या राण्यांची अट काय, तर मधलं भोक भरा. राणे तिथले प्रॉडक्शन मॅनेजर, तरुण माणूस, हुशार, बोलायला फटकळ. तू नाही म्हणालास. मी तुला तीन दिवस छळलं, तू नाही म्हणालास. चौथ्या दिवशी तुला ताप आला आणि आठवड्याच्या आत तू नेरुळच्या हॉस्पिटलात आयसीयूमध्ये. न्यूमोनिया.

आता छातीच्या त्या पट्ट्याची गोष्ट. मला वाटतं देवाला विनोद कळतो, नाहीतर असं घडलं नसतं. दुपारच्या भेटीच्या वेळी मी आणि वहिनी आत आलो तर एक तरुण डॉक्टरीणबाई तुझ्या छातीभोवती रबरी पट्टा बांधत होती. आतून सगळीकडे बटणं. सोळा. तुला ऑक्सिजनचा मास्क, डोळे खोल गेलेले, पण ती बटणं बघितल्यावर तुझे डोळे असे चमकले की मला वाटलं आता हा उठून बसतो. बाई समजावून सांगत होती, "काका, घाबरू नका, थोडीशी वीज असते, कळणारसुद्धा नाही. फुफ्फुसात हवा कुठे जाते ते दिसतं." तू मास्क बाजूला करून तिला काय विचारलंस? "रेफरन्स कदी घेतला?"

तिने मास्क परत लावला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "हे डॉक्टर आहेत का?" मी म्हटलं, नाही, हे पाइपवाले आहेत. वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तुला म्हणाल्या, "जनमभर पायपांना बटनं लावली, आता सोता पायप झाला." तू मास्कच्या आत हसत होतास, पडद्यावर तुझी दोन फुफ्फुसं उजळत होती, मावळत होती, हसलास की एकदम फडफडत होती. आयसीयूमध्ये एवढं हसणं बरं दिसत नाही म्हणून नर्सने आम्हाला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी तू मला पडद्याकडे बोटाने खुणावलंस. चित्र काठापासून काठापर्यंत रंगलेलं होतं, मध्ये कुठे राखाडी नाही. तू बोटाने हवेत त्याच्या मधोमध ठिपका काढलास आणि मग तेच बोट माझ्याकडे केलंस. मला बरोबर कळलं. इथेही कोणीतरी 'सुनंदा' दाबून ठेवलंय. मी तुला म्हटलं, गप पड, दवाखान्यात तरी भांडू नकोस.

मग तो चांगला दिवस आला. उजवीकडे मागचा जो भाग काळा होता तिथे रंग आला. डॉक्टरीणबाई म्हणाली, हवा जायला लागली. तू उशीला टेकून बसलास, दोन चमचे पेज घेतलीस, वहिनींना मीठ कमी आहे म्हणून सांगितलंस. मी बाहेर जिन्यात जाऊन आनंदाने रडले. आत आले तेव्हा तू दमलेल्या आवाजात म्हणालास, "तळोज्याचं तू बघ. तुला पटंल तसं कर." मला इतका राग आला. जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस आणि आता म्हणे मला पटेल तसं. मी म्हटलं, बरा होऊन ये आणि तूच कर. तू डोळे मिटलेस, ओठांवर ते तुझं खट्याळ हसू होतंच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

खूप चिडले होते मी त्या चित्रावर. घरी बसून मनात त्या यंत्राला शिव्या घातल्या. मग हळूहळू लक्षात आलं की चित्र खोटं बोललं नव्हतं. त्या कोपऱ्यात हवा खरंच जात होती. चित्राने तेवढंच सांगितलं होतं. तू घरी येशील, गणपतीत पुन्हा तुझ्या ओटीवर बसून आपण चिंबोऱ्या फोडू, हे पुढचं सगळं मी रंगवलं होतं. हे तुला सांगायचं राहून गेलं. त्या दिवशी जिन्यातून आत येऊन तुझा हात धरायला हवा होता, तेही राहिलं. मी तुझ्यावर किती माया करत होते ते तुला ठाऊक असणार असं समजून चालले आणि भांडत राहिले. तुला ठाऊक असेल, नाही का रे?

तर काल तळोजा. ऊन मी म्हणत होतं. साहेब म्हणाले होते मी येतो, मी त्यांना नको म्हटलं, त्यांना नळ्यांच्या जवळ उभं करायची माझी हिंमत नव्हती. या वेळी रेफरन्स मी स्वतः घेतला, आधी पाइप दोनदा धुऊन. तू असतास तर म्हणाला असतास, आता शानी झाली. राण्यांनी पंप स्वतःच्या हाताने हळू केला. आपण दोघंही पडद्यासमोर उभे. म्हणजे मी आणि राणे. बघ, अजून 'आपण' येतं तोंडात.

तळाला एक बारीक तांबडी किनार आली. मग ती जाड झाली. प्रेशरच्या काट्याला अजून काही पत्ता नव्हता, तो जिथल्या तिथे, आणि आपल्या पडद्यावर थर बसताना स्पष्ट दिसत होता. राण्यांनी पंप वाढवला, किनार पातळ झाली, गेली. त्यांनी परत हळू केला, परत आली. लहान मुलाला खेळणं मिळावं तसे ते चार-पाच वेळा करत बसले. मला तुझा असा अभिमान वाटला की काय सांगू. एवढी बटणं तू एकेक करून हाताने बसवली होतीस.

मग ते मागे वळले आणि बोट ठेवलंच. "मॅडम, सगळं छान आहे. पण हे मधलं? मी म्हटलं होतं ना भरा म्हणून."

चौकट माझ्या समोर होती. एक टिकमार्क. तुझी शपथ, माझा हात माउसवर होता आणि मला अजिबात माहीत नव्हतं मी काय करणार आहे. रबाळ्याचा आपला गाळा डोळ्यांपुढे आला, साहेब आले, आपली सगळी वर्षं आली. आणि मी हात काढून घेतला आणि म्हटलं, "तिथलं आम्हाला माहीत नाही, राणेसाहेब."

ते म्हणाले, "थर तर तळाला बसतो. मधलं कोणाला हवंय?"

मी म्हटलं, "नकोय तर रंगवायचं कशाला?"

"माझ्या वरच्यांना पूर्ण चित्र लागतं. दुसऱ्या कंपनीचं पूर्ण येतं."

"त्यांना विचारा मधलं कुठून आणलं. मोजलं की मनाने काढलं."

"मॅडम, दिसायला बरं दिसलं पाहिजे की नाही? एखाद्याचा फोटो काढला आणि मधे चेहराच धूसर, तर कोण घेईल?"

हरेश, मी त्या माणसाकडे बघतच राहिले. माझंच वाक्य. फक्त नाकाऐवजी चेहरा. तो एकामागून एक माझी वाक्यं काढत होता आणि प्रत्येकाचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, कारण मी ती सगळी तुझ्याकडून खाल्ली होती. मी काय सुटले म्हणतोस. म्हटलं, राणे, तुमचा रात्रपाळीचा माणूस हे चित्र बघून पंप चालवणार. मधे दाट नसताना आम्ही तांबडं रंगवलं तर तो उगाच वेग वाढवेल आणि तुमचा पाइप झिजेल. दाट असताना निळं रंगवलं तर पाइप चोक. आणि राखाडी मोठं होताना दिसलं तर तो काय करेल? तुम्हाला फोन करेल. तुम्हाला यातलं काय पाहिजे? तुझी बाजू मी तुझ्यापेक्षा चांगली मांडली, हे तुला मान्य करावं लागेल. तू 'मना ठाव नाय' वर अडून बसायचास आणि गाल फुगवायचास. मी उदाहरणं दिली, हातवारे केले, त्यांच्या पेनाने त्यांच्याच हातमोज्यावर चित्र काढून दाखवलं. किती दिवसांनी एवढी मजा आली मला. आणि बोलता बोलता मधेच कळलं की मी तुझ्या जागेवर उभी आहे आणि माझी जागा आता मोकळी आहे. डोळे भरून आले. राण्यांना वाटलं उन्हाचा त्रास होतोय, त्यांनी पळत जाऊन पाणी आणलं.

राणे परत पंपाकडे गेले. पंप एकदा हळू केला, ठिपका मोठा होताना बघितला, जोरात केला, लहान होताना बघितला. मग म्हणाले, "फोन आलेला चालेल. चोक नको." आणि सही केली.

घेतलं, हरेश. ठिपक्यासकट घेतलं. साहेबांना फोन केला तर पलीकडे नुसतं नाक ओढल्याचा आवाज. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "थांबा, मी त्याच्या फोटोला सांगून येते," आणि फोन तसाच चालू ठेवून गेल्या. मला ऐकू येत होतं.

पण खरी गोष्ट त्याच्याही पुढची आहे. राणे मला गेटपर्यंत सोडायला आले. मी गाडीत बसत होते तर ते दार धरून म्हणाले, "मॅडम, सही केली खरी, पण एक सांगतो. मला अजून पटलेलं नाही. ते मधलं भरायलाच हवं."

तळोज्याच्या त्या धुळीत, त्या उन्हात, मला इतका आनंद झाला की मी गाडीतून परत खाली उतरले. त्यांना म्हटलं, "अजिबात पटवून घेऊ नका. दर महिन्याला सर्व्हिसला मीच येणार आहे. नवीन मुद्दे काढून ठेवा."

चांगला भांडतो रे. अजून कच्चा आहे, तयार होईल.